सतरा भोकांची भानगड

मोजणीदार वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्यांनी जे करून ठेवलं ते ऐकल्यावर कुणाचाही तसा समज व्हायचा. चौतीस वर्षं त्यांनी मोजणीखात्यात काढली, भल्याभल्यांच्या बांधांवर साखळी टाकली, आणि निवृत्त होताना साहेब भाषणात म्हणाले की ह्या माणसाची मोजणी कधी दोन बोटंसुद्धा चुकली नाही. हे वाक्य साहेब प्रत्येकाच्या निरोपसमारंभात म्हणत, पण मोजणीदारांनी ते मनावर घेतलं. ज्या माणसाला काम नाही आणि ज्याच्या खिशात टेप आहे, त्याच्यापासून घरच्यांनी जपून राहावं.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. हॉलमध्ये गॅसचा हीटर होता. इमारतीतल्या सतराही घरांत तसाच होता: खाली काचेआड ज्योत, वर पत्र्याची पेटी आणि पेटीतून धुराड्यात गेलेली नळी. हीटर दिवसभर चालू असायचा, तरी मोजणीदारांच्या घोट्यांना गार लागायचं. बायकोला लागत नव्हतं. ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना लागत नव्हतं.

"तुमचे मोजे पातळ आहेत," बायको म्हणाली.

पण मोज्यांवर समाधान मानणारा माणूस खात्यात चौतीस वर्षं टिकत नाही. मोजणीदार पेटती मेणबत्ती घेऊन हॉलभर रांगले. सोफ्यामागे, खिडकीच्या खाली, ज्योत एकदम आडवी झाली. तिथे भिंतीत वीतभर लांब, वीतभर रुंद भोक होतं, आणि भोकावर गंजकी जाळी. जाळीतून थेट रस्ता दिसत होता. म्हणजे एवढी वर्षं आपण गॅस जाळून रस्ता तापवत होतो, असं मोजणीदारांच्या मनात आलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

दुसऱ्या कुणी तिथे जुनं फडकं कोंबलं असतं आणि विषय संपला असता. मोजणीदारांनी भोक मोजलं. मग खाली रस्त्यावर जाऊन इमारतीकडे मान वर करून बघितलं. चार मजले, मजल्याला चार घरं आणि गच्चीवरचं एक. सतरा घरं, सतरा भोकं, प्रत्येक आपापल्या खिडकीखाली, सगळी एका रेषेत. मोजणीदारांनी तिथेच निकाल लावला. इमारत बांधताना गवंड्यांना उभं राहायला बांबूची परांची बांधतात, तिचे बांबू भिंतीत खुपसायला भोकं ठेवतात, आणि काम झालं की ती बुजवायची असतात. ठेकेदार विसरला. एका रेषेत आहेत, म्हणजे परांचीचीच. शंकेला जागाच नाही.

"मग जाळी कशाला लावली?" बायकोने विचारलं.

"चूक झाकायला. आमच्या खात्यात हेच चालायचं. आधी चूक करायची आणि मग तिच्यावर जाळी लावायची."

सासूबाई हीटरशेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "इतकी वर्षं त्या भोकानं तुमचं काय घोडं मारलं होतं, जावईबापू?"

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि ह्या एकतीस वर्षांत सासूबाई जेव्हा जेव्हा 'जावईबापू' म्हणाल्या, तेव्हा तेव्हा मोजणीदारांना आपण परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. त्यांनी उत्तर म्हणून विटा आणल्या.

काम तीन दिवस चाललं. वीट, सिमेंट, गिलावा, घासकागद, रंगाचे दोन हात. रंग भिंतीशी जुळेना म्हणून शेवटी सगळी भिंत रंगवली, आणि एक भिंत नवी दिसायला लागल्यावर बाकीच्या तीन कळकट दिसायला लागल्या म्हणून त्याही रंगवल्या. शिवाय खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. पण काम असं झालं की भोक कुठे होतं ते खुद्द मोजणीदारांनाही टेप लावल्याशिवाय सापडलं नसतं. संध्याकाळी घोट्यांना अजिबात गार लागलं नाही. मोजणीदार मोजे काढून बसले, केवळ तत्त्वासाठी.

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर चहाला आले आणि भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "उत्कृष्ट फिलिंग. आमच्याकडेसुद्धा एक पोकळी आहे." झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासवाल्या बाईंकडे आठ मुलं शिकवणीला बसायची, त्या म्हणाल्या मुलांचे पाय गारठतात. गच्चीवरच्या घरात राहणारे सोसायटीचे चेअरमन म्हणाले की वर वारा जास्त, तेव्हा प्राधान्य वरून खाली असावं. मोजणीदारांनी सतराही भोकं बुजवली. एकाकडूनही छदाम घेतला नाही. सभा भरली, आभाराचा ठराव झाला आणि चेअरमननी काचेच्या चौकटीतलं सन्मानपत्र दिलं. त्यात 'ऊबदार सेवा' असा शब्द होता. मोजणीदारांनी ते हीटरच्या बरोबर वर लावलं.

महिन्याभराने सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. आधी नुसतं सकाळी, मग दिवसभर. मग मळमळ. मग वर्तमानपत्र वाचता वाचता झोप. आता सासूबाई आणि झोप ह्यांचं आजवर कधी पटलेलं नव्हतं. जावयाच्या चुकांना दिवस पुरत नाही म्हणून त्या पहाटेच उठून बसायच्या. त्यांनाच भर दुपारी मान टाकलेली बघून बायको घाबरली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दातांचे डॉक्टर म्हणाले, कवळी घट्ट झालीय. क्लासवाल्या बाई म्हणाल्या, चष्म्याचा नंबर वाढला असेल. चेअरमन म्हणाले, वय, दुसरं काय. ते स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, पण वय ही गोष्ट त्यांच्या मते दुसऱ्यांना होते. खरं म्हणजे त्या इमारतीत ज्याचं डोकं दुखत नाही असा माणूस शोधावा लागला असता. डॉक्टर आपली डोकेदुखी पेशंटच्या आरडाओरड्यावर ढकलत होते. चेअरमनच्या बायकोने अर्धशिशी म्हणून अंथरूण धरलं होतं. क्लासवाल्या बाईंची आठही मुलं भूमितीत पेंगायला लागली होती. बाईंना वाटलं आपलं शिकवणंच रटाळ झालंय, आणि त्या बिचाऱ्या रात्री आरशासमोर विनोद पाठ करत होत्या. प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार होतं, त्यामुळे ह्या सगळ्यांची एकत्र मोजदाद कुणी केली नाही. मोजणीदारांनीसुद्धा नाही, आणि हीच गोष्ट त्यांना पुढे सगळ्यात जास्त लागली.

दवाखाना चालत वीस मिनिटांवर होता. सासूबाईंना धरून धरून नेलं की निम्म्या वाटेवर त्या हात सोडवून घ्यायच्या आणि दवाखान्याच्या पायऱ्या टकाटक चढायच्या. डॉक्टर नाडी बघायचे, छाती बघायचे आणि काहीच नाही म्हणून परत पाठवायचे. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मोजणीदारांनी स्वयंपाकघरात बायकोला हळू आवाजात गाठलं.

"घरात आल्या की आजारी, रस्त्यावर ठणठणीत. ह्याचा अर्थ काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. असा नेमका प्रश्न त्या इमारतीत दुसऱ्या कुणालाही पडला नव्हता. उत्तर मात्र मोजणीदारांनी स्वतःच दिलं. "अर्थ एवढाच, की आईंना माझं काम बघवत नाही. नाटक आहे."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. सासूबाई हॉलमधून काही बोलल्या नाहीत. एरवी त्या सोडणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी बोलल्या नाहीत.

मंगळवारी दुपारी तीन वाजता गॅसचा मिस्त्री वर्षाची तपासणी करायला आला. मोजणीदारांनी त्याला आधी सन्मानपत्र दाखवलं. मिस्त्री ते वाचत नव्हता. तो सन्मानपत्राच्या काचेवर धरलेली काजळी बघत होता. मग वाकून त्याने हीटरची ज्योत बघितली. निळी असायला हवी ती पिवळी झाली होती आणि आळसावल्यागत हलत होती.

"आजी झोपल्यात का?" त्याने विचारलं.

"त्यांचं ते चालूच असतं."

मिस्त्रीने सासूबाईंना हाक मारली. खांद्याला धरून हलवलं. मान नुसती एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली. पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की मोजणीदारांना नीट आठवतसुद्धा नाही. मिस्त्रीने कॉक बंद केला, चिकटपट्ट्या टरकावून खिडक्या सताड उघडल्या आणि म्हणाला, "पाय धरा. बाहेर. आधी बाहेर." मोजणीदारांनी पाय धरले. सासूबाईंचं वजन एका पोरीइतकं होतं. एकतीस वर्षं ज्यांची धास्ती घेतली त्या इतक्या हलक्या असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. चार जिने उतरून अंगणातल्या बाकावर त्यांना निजवलं, बायकोने रुग्णवाहिकेला फोन केला, आणि मोजणीदार पायरीवर मटकन बसले. आपण ह्या बाईंना नाटकी म्हणालो, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. त्यांना स्वतःची अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

थोड्या वेळाने सासूबाईंनी डोळे किलकिले केले. मिस्त्रीने सुस्कारा सोडला आणि मोजणीदारांकडे वळला.

"खिडकीखाली झरोका असतो. तो कुठे गेला?"

"ते परांचीचं भोक होतं."

"परांचीच्या भोकाला कुणी जाळी लावतं का?"

मोजणीदारांनी बायकोकडे बघितलं नाही. मिस्त्री शांतपणे सांगत गेला. ज्योतीला हवा लागते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, आणि त्यातून जो विषारी वायू होतो त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. घरात परत आलं की पुन्हा तेच. मग झोप येते आणि माणूस त्यातून उठत नाही. तो झरोका घराचा नाही, हीटरचा आहे. म्हणून सगळ्या घरांत एकाच जागी असतो.

"हे तुमच्या एकाच घरात केलंत ना?" मिस्त्रीने शेवटी विचारलं.

"सतरा," ते म्हणाले.

मिस्त्री त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.

सासूबाईंना इस्पितळात नाकाला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर आम्हाला सांगण्यासारखं काही उरलं नसतं. मोजणीदार संध्याकाळी घरी आले ते तडक छिन्नी-हातोडा घेऊन सोफ्यामागे गेले. बुजवायला तीन दिवस लागले होते. फोडायला अकरा मिनिटं लागली. गार वारा घोट्यांवर आला तेव्हा त्यांना रडू फुटलं, आणि घरात कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते आवरलंही नाही.

मग मात्र त्यांनी डोळे पुसले आणि जिना धरला. राहिली सोळा.

मोजणीदारांनी आणि मिस्त्रीने घरोघर सांगितल्यावर लोकांनी त्या संध्याकाळी हीटर बंद केले, हळहळ व्यक्त केली आणि सकाळी पुन्हा लावले. थंडी होती ना. मोजणीदारांनी गॅसकंपनीला फोन केला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "सर, वास येतोय का?"

"ह्याला वास नसतो, तीच तर अडचण आहे."

"वास आला की नक्की फोन करा, सर."

मग ते नगरपालिकेत गेले, कारण चेअरमन म्हणाले होते की बाहेरची भिंत म्हणजे सामायिक मालमत्ता, ती फोडायला परवानगी लागते. खिडकीवरच्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं.

"बुजवायला परवानगी घेतली होती का?"

"नाही."

"मग आमच्या नकाशात भोकं उघडीच आहेत. उघडं भोक उघडायला आम्ही परवानगी कशी देणार?"

"ती बुजवलेली आहेत हो. मीच बुजवलीत."

"मग आधी बुजवण्याच्या परवानगीचा अर्ज करा. ती मिळाली की फोडण्याचा करा. बुजवण्याला साधारण तीन महिने लागतात." कारकुनाने जरा विचार केला. "पण ती मिळायची नाही. झरोके बुजवणं धोक्याचं असतं."

हे उत्तर ऐकून मोजणीदार तिथेच उभे राहिले. चौतीस वर्षं आपणही अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला बसत होतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांना नेमकं असंच वाटत असणार, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते बाहेर पडले आणि वाटेत त्यांनी तो वायू ओळखून शिट्टी मारणारं यंत्र विकत घेतलं. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, भिंतीला टांगायची.

डबी आधी दातांच्या डॉक्टरांकडे दिली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "एकदम शांत आहे. काही धोका नाही." मोजणीदारांनी डबी उघडली. आत सेल नव्हते. ते डॉक्टरांच्या भिंतीवरच्या घड्याळात होते. "फार केकाटत होती हो," डॉक्टर म्हणाले. "पेशंट घाबरतात."

क्लासवाल्या बाईंनी मात्र ऐकलं. डबी मुलांच्या मधोमध ठेवली, आणि पंचवीस मिनिटांनी ती अशी बोंबलली की आठही पोरं दप्तरं टाकून जिन्यात पळाली. बाई मागून जिन्यात आल्या, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे माझं शिकवणं वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम भान येऊन त्यांनी एकेक मूल मोजलं. त्यांचं भोक त्याच दुपारी फुटलं.

त्या आवाजाने चेअरमनचं पित्त खवळलं. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'मोजणीदार यांना पुढील सभेपर्यंत हातोडा व छिन्नीसह जिन्यात वावरण्यास मनाई करण्यात येत आहे. सोसायटीने ऊबदारपणाबद्दल केलेला आभाराचा ठराव अद्याप लागू आहे.' खाली सहीशिक्का.

मोजणीदारांनी सूचना वाचली. आपल्या उपकारांचा हा मोबदला, असं एक क्षण त्यांच्या मनात आलंही. पण उपकार कसले, हेही लगेच मनात आलं. ते वर गेले, कागद घेतला, आणि चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. ज्या माणसाने दोन बोटांची चूक कधी कबूल केली नाही त्याला हे लिहायला किती जड गेलं असेल ते ज्याचं त्याने समजावं. कागद त्यांनी चेअरमनच्या सूचनेखाली चिकटवला:

'सतराही भोकं मी बुजवली. ती परांचीची नव्हती. मी चुकलो. माझ्या चुकीपायी माझ्या सासूबाई मरता मरता वाचल्या. तुमच्या घरातलं कुणी वाचेलच असं नाही. मनाईहुकूम मी वाचला आहे. मी उद्या सकाळी आठ वाजता हातोडा व छिन्नीसह जिन्यात वावरणार आहे. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. न उघडल्यास परवा पुन्हा येईन.'

सकाळी आठला ते निघाले तेव्हा पहिल्याच मजल्यावर डॉक्टर दार उघडून उभे होते. सोफा त्यांनी आधीच सरकवून ठेवला होता. "मी आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगतो," ते म्हणाले, "आणि स्वतः कान उघडले नाहीत. फोडा." एकेक दार उघडत गेलं. कुणी रागावलं, कुणी रंग खराब झाला म्हणून कुरकुरलं, एका आजोबांनी 'बिनकामाचा उपद्व्यापी' असं तोंडावर म्हटलं आणि मोजणीदारांनी ते मान्य केलं. चौथ्या दिवशी सोळा झाली. राहिलं गच्चीवरचं.

चेअरमन दारातच आडवे उभे राहिले. "मी ह्या सोसायटीचा चेअरमन आहे. मीच माझा मनाईहुकूम मोडू?"

"तुम्ही मोडू नका. मी मोडतो."

"माझ्या घरात काही होत नाही."

"वहिनी तीन आठवडे अंथरुणात आहेत."

"ती अर्धशिशी आहे," चेअरमन म्हणाले आणि दार लावून घेतलं.

सासूबाई त्याच दिवशी इस्पितळातून आल्या होत्या. जावयाचं तोंड बघून त्यांनी काय झालं ते विचारलं, ऐकलं, आणि काठी मागितली. "ती डबी द्या इकडे." बायकोने अडवलं, मोजणीदारांनी विनवलं, पण सासूबाईंना अडवण्याची विद्या त्या घरात कुणालाच अवगत नव्हती. एकेक पायरी चढत त्या गच्चीपर्यंत गेल्या. ब्याऐंशी वर्षांच्या आजारी बाईला दारातून परत पाठवणं चेअरमनना जमलं नाही. सासूबाई त्यांच्या हॉलमध्ये डबी मांडीवर घेऊन बसल्या.

"ही वाजली नाही तर मी खाली जाऊन जावयाला मूर्ख म्हणेन," त्या म्हणाल्या. "तशी सवय आहे मला."

मोजणीदार दाराबाहेर घड्याळाकडे बघत उभे होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ती डबी वाजू नये, निदान सासूबाई तिथे असेपर्यंत तरी वाजू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि वाजली नाही तर काय, ह्याचीही भीती वाटत होती. सतराव्या मिनिटाला ती बोंबलली. मोजणीदार आत धावले, हीटर बंद केला, खिडकी उघडली आणि सासूबाईंना धरून गच्चीत आणलं. चेअरमन डबीकडे बघत होते. "ह्याचं बटण कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

आतल्या खोलीतून त्यांची बायको भिंतीला धरून बाहेर आली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच उभी राहिली होती. "बटण नका शोधू, छिन्नी चालवू द्या त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर मी माहेरी जाते. तिथल्या भिंतीला भोक आहे." असं म्हणून तीही गच्चीत जाऊन बसली.

सतरावं भोक फुटलं. पण पद गेलं तरी चालेल, मान जाता कामा नये, असं मानणाऱ्यांपैकी चेअरमन होते. आठवड्याभरात नगरपालिकेत तक्रार गेली: परवानगीविना बाहेरील भिंतीस सतरा ठिकाणी भगदाडे. आणि बुजवण्याच्या अर्जाला जिथे तीन महिने लागतात तिथे ह्या तक्रारीवर पालिकेचे साहेब तिसऱ्या दिवशी हजर झाले. जाड फाईल, नकाशा, छापील नमुना.

मोजणीदारांच्या हॉलमध्ये अर्धी इमारत जमली. चेअरमन पुढच्या खुर्चीत बसले. साहेबांनी झरोक्याची लांबी-रुंदी घेतली. त्यांच्या टेपचा अंक मोजणीदारांनी मनातल्या मनात दुरुस्त केला, पण बोलले नाहीत. मग साहेब लिहायला बसले.

"भिंत कोणी फोडली?"

"मी," मोजणीदार म्हणाले. "सतराही. बुजवलीही मीच होती. दंड काय तो माझ्या नावावर लिहा. पण साहेब, एक लिहून ठेवा, कुणी पुन्हा बुजवली तर मी पुन्हा फोडीन. तुमची परवानगी असो वा नसो."

मागून क्लासवाल्या बाई म्हणाल्या, "मी छिन्नी धरीन." डॉक्टरही काहीतरी म्हणाले. साहेबांनी हात वर केला.

"दंडाचं पुढे बघू. हा रकाना आधी. 'परवानगी देणाऱ्याचे नाव.' हा रिकामा सोडता येत नाही."

"परवानगी कुणी दिलीच नाही."

"मग फाईल बंद होत नाही. फाईल बंद झाली नाही की पुन्हा बुजवण्याची नोटीस निघते. मी काय करू? नमुनाच तसा आहे."

चेअरमन छताकडे बघत होते. मोजणीदारांनी हातोडा उचलून पायाशी घेतला, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

हीटरशेजारच्या खुर्चीतून सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "लिहा माझं नाव. परवानगी मी दिली."

"तुम्ही? तुम्ही कोण आजी?"

"ह्या खुर्चीत मेले असते ती."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी नमुना पुन्हा वाचला, आणि जरा नरम आवाजात म्हणाले, "नावापुढे हुद्दाही लिहावा लागतो, आजी."

"सासू," सासूबाई म्हणाल्या. "जावयाला परवानगी द्यायला ह्याच्यावरचा हुद्दा तुमच्या पालिकेत असेल तर सांगा."

साहेबांनी एकदा मोजणीदारांकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे. त्यांनाही घरी सासू असावी, कारण त्यांनी निमूटपणे लिहून घेतलं आणि फाईल बंद केली.